मदत हवी आहे: 500 लिटर ब्रूपबसाठी चिलर किती टनाचा?

नागपुरातल्या ब्रूपबसाठी (स्वतःची बिअर तिथेच बनवणारा पब) 500 लिटरचा ब्रूहाऊस, म्हणजे बिअरचा काढा उकळायचा संच, ठरलाय, अडलंय ते थंड करण्यावर. मे महिन्यात बाहेर 45 अंश, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 35 च्या आसपास. म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पातळ पत्र्यांच्या एका बाजूने गरम, दुसऱ्या बाजूने गार द्रव जातो) उकळता वर्ट, म्हणजे बिअर व्हायच्या आधीचा गोड काढा, साध्या पाण्याने 38 च्या खाली येणार नाही, आणि एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) तर 20 ला टाकायचं. तेवढ्या गरम वर्टमध्ये टाकलं की फ्यूजेल अल्कोहोल (उग्र, जड अल्कोहोल) वाढतं, बिअर घशाला झोंबते.

38 ते 20 हा टप्पा 45 मिनिटांत उरकायचा तर साधारण 14 किलोवॅट, म्हणजे 4 टन लागतात (टन हे इथे थंड करण्याच्या क्षमतेचं माप, साधारण 3.5 किलोवॅट). चिलरची क्षमता बहुधा 35 अंश हवेला धरून लिहिलेली असते, 45 ला ती घटते. फर्मेंटरचा, म्हणजे बिअर आंबवायच्या टाक्या गार ठेवण्याचा, भार वेगळाच.

पर्याय दोन: दोन टप्प्यांची प्लेट (आधी साधं पाणी, मग गार द्रव) आणि थेट चिलरचं ग्लायकॉल (न गोठणारं गार द्रव), किंवा 1000 लिटरची इन्सुलेटेड टाकी रात्रभर 5 अंशांवर थंड करून 2 टनाचा चिलर. मला टाकी पटते, पण जागा जाते.

विदर्भात उन्हाळाभर चिलर चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: 2 टन पुरतो का? कंडेन्सर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग) गच्चीवर सावलीत ठेवून भागतं, की वॉटर-कूल्डच, म्हणजे हवेऐवजी पाण्याने गार होणारा, घ्यावा?