पळसावरचा शिंजीर फोटोत नुसता काळा येतो (मदत हवी आहे)

नमस्कार. मी रावेर तालुक्यातला असून आमची केळीची बाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या आमच्या बांधावर पळसाची चार जुनी झाडे आहेत. होळीच्या आधी, पाल भागात भोंगऱ्या बाजार भरतो त्या सुमारास, ही झाडे एकही पान न ठेवता फुलतात आणि सकाळी साडेसहापासून त्यांच्यावर मैना, बुलबुल, भोरड्यांचे थवे आणि जांभळे शिंजीर (फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, इंग्रजीत सनबर्ड) यांची ये-जा सुरू होते. माझा प्रश्न शिंजिराच्या नराविषयी आहे.

विणीच्या दिवसांतला हा नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. ही चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे दिसत असल्याने ठरावीक कोनातूनच नजरेस पडते, एवढे मला माहीत आहे. अडचण अशी की पळस शेताच्या पूर्व बांधावर असल्यामुळे सकाळी मी सूर्याकडे तोंड करून उभा असतो. पलीकडच्या बाजूने जावे तर तिथे शेजाऱ्यांची बाग आहे आणि ठिबकच्या नळ्यांवर पाय पडू नयेत म्हणून मी आत जात नाही. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ७० ते ३०० मिमीची लेन्स आहे. शटर स्पीड १/१००० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० ठेवला की पक्षी काळ्या ठिपक्यासारखा येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉपने वाढवले, म्हणजे फोटो दुप्पट प्रकाशाचा घेतला, तर मागचे आकाश पांढरे पडते, पळसाचा केशरी रंग फिका होतो आणि शिंजीर मात्र जांभळा न दिसता राखाडी दिसतो. स्पॉट मीटरिंगही (फक्त नेमाच्या ठिकाणचा उजेड मोजणे) करून पाहिले, पण पक्षी एका फुलावर दोन-तीन सेकंदांहून जास्त थांबत नसल्यामुळे नेम साधेपर्यंत तो उडालेला असतो. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दुरून घेतलेले फोटो पुसट येतात, म्हणून तो वेळ मी सोडूनच दिला आहे.

मला दोन पर्याय सुचतात. एक, संध्याकाळी पाचनंतर जावे, कारण तेव्हा सूर्य माझ्या पाठीशी असतो. मात्र त्या वेळी आमच्या पळसावर शिंजीर फारच कमी येतात. दुसरा, पळस सोडून केळफुलाकडे वळावे. घड पूर्ण निसवल्यावर (बाहेर पडल्यावर) आम्ही केळफूल कापून टाकतो, पण बागेच्या कडेची सात-आठ मी यंदा मुद्दाम ठेवली आहेत आणि नर तिथे नेमाने, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, येतो. तिथे पानांच्या सावलीमुळे आयएसओ १६०० पर्यंत न्यावा लागतो आणि फोटोत दाणे (बारीक ठिपके) दिसतात. दाणे पत्करून हीच जागा धरावी, की संध्याकाळच्या उन्हासाठी थांबावे? जाणकारांनी अनुभवावरून सांगावे. फ्लॅश वापरायची माझी इच्छा नाही.

आणखी एका गोष्टीची मला जास्त काळजी आहे. विहिरीजवळच्या बोरीच्या लोंबत्या फांदीवर शिंजिराच्या मादीने घरटे बांधले आहे. कोळ्याच्या जाळ्याने विणलेल्या त्या पिशवीला ती आतून शेजारच्या पऱ्हाटीवरच्या कापसाचे अस्तर लावत होती, आणि आता बराच वेळ आत बसून असते. परवा मी चाळीस फुटांवरून दोन फोटो घेतले, तेव्हा ती घरट्यात न शिरता समोरच्या तारेवर बसून राहिली. मी लगेच मागे सरलो आणि त्यानंतर तिकडे कॅमेरा नेलेला नाही. पण मोटर सुरू करायला दिवसातून दोनदा त्याच वाटेने जावे लागते. आमच्या नेहमीच्या वावराची तिला सवय होते का? बोरीची फांदी छाटायची वडिलांनी ठरवली होती, ती त्यांनी माझ्या सांगण्यावरून थांबवली आहे. पिल्ले उडून जाईपर्यंत साधारण किती दिवस धरावेत? घरट्याचा फोटो मिळाला नाही तरी चालेल, मादीने घरटे सोडू नये एवढेच पाहायचे आहे.