गीझरचा थर्मोस्टॅट बदलण्यापूर्वी सल्ला हवा आहे

आमच्या घरातील १५ लिटर टाकीच्या, २००० वॉटच्या गीझरमधून पाणी कधी हात भाजेल इतके कढत येते, तर कधी सुरक्षा कटआउट (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा स्विच) पडल्यामुळे अजिबात तापत नाही. कटआउट पूर्ववत करणारे तळाचे लाल बटण दाबले की दोन दिवस सुरळीत जातात आणि पुन्हा तेच.

मुख्य स्विच बंद करून आणि तारांमध्ये वीज नाही याची टेस्टरने खात्री करून मी झाकण उघडले. मल्टीमीटरवर कॉइलचा रोध सुमारे २६ ओम आला, जो २३० व्होल्टवर २००० वॉटसाठी योग्यच आहे, शिवाय कॉइल आणि अर्थ यांच्यात गळती दिसली नाही. थर्मोस्टॅटचे (पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की कॉइल बंद करणाऱ्या भागाचे) बटण फिरवल्यावर 'टक्' असा आवाज येतो खरा, पण त्याचे एक टर्मिनल काळवंडले असून तिथल्या तारेचे आवरण करपून ठिसूळ झाले आहे. त्यामुळे आतील संपर्कबिंदू चिकटत असावेत, असा माझा कयास आहे; मात्र थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत बसते तिच्यावर साचलेल्या क्षारांमुळेही थर्मोस्टॅटला तापमान उशिरा कळत असेल का?

ही नळी आतून कोरडी, म्हणजे पाणी न शिरणारी असल्याने टाकी रिकामी करावी लागणार नाही, हे बरोबर आहे ना? नवा घेताना दांडीची लांबी आणि अँपिअर यांव्यतिरिक्त काय जुळवावे, आणि वारंवार पडलेला कटआउटही सोबतच बदलावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. करपलेली तार मी बदलणारच आहे.