विषय: प्रश्नावलीतले ‘इंडिपेन्डन्ट’

नमस्कार मंडळी,
चर्चासत्राआधी वाटायच्या प्रश्नावलीचा मसुदा असा : १. तुम्ही लिबरल (उदारमतवादी), मॉडरेट (मधले) की कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी)? २. पक्ष कोणता : डेमोक्रॅट, रिपब्लिकन, इंडिपेन्डन्ट (कोणत्याच पक्षाचे नाही)? अण्णा, एकदा नजर टाकाल का?
– कार्यक्रम समिती

ताई,
हे दोन प्रश्न शेजारी नकोत. एकाचं उत्तर दुसऱ्याला जुळवून दिलं जातं.

पक्षाचा प्रश्न दोन टप्प्यांत विचारा. मिशिगन विद्यापीठाच्या मतदार सर्वेक्षणांची १९५० च्या दशकापासूनची हीच पद्धत आहे. आधी ‘साधारणपणे तुम्ही स्वतःला काय समजता?’ पक्ष सांगितला तर ‘कट्टर, की तितकंसं नाही?’ इंडिपेन्डन्ट म्हटलं तर ‘त्यातल्या त्यात जवळचा पक्ष कोणता?’ अशा कट्टर डेमोक्रॅटपासून कट्टर रिपब्लिकनपर्यंत सात पायऱ्या होतात. शेवटचा प्रश्न गाळलात तर सगळंच फसेल, कारण कल असलेले इंडिपेन्डन्ट मत देताना बहुतेक पक्षवाल्यांसारखेच वागतात. खरे मधले थोडेच.

‘समजता’ हा शब्द बदलू नका. मतदार नोंदणीत कोणता पक्ष लिहिलाय हे विचारून भागत नाही : टेक्सस, व्हर्जिनिया, मिशिगन या राज्यांमध्ये मतदार नोंदणीत पक्ष नसतोच. कॅलिफोर्नियात तर ‘अमेरिकन इंडिपेन्डन्ट’ नावाचा खराखुरा पक्ष आहे आणि नोंदणी करताना कित्येक जण चुकून त्यावर खूण करतात. त्यांना हवा असतो तो खाना ‘नो पार्टी प्रेफरन्स’.

विचारसरणीच्या प्रश्नात ‘यावर फारसा विचार केलेला नाही’ हा पर्याय हवाच. १९५६ च्या मतदारांच्या मुलाखती तपासताना राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांना वैचारिक चौकटीतून बोलणारे जेमतेम अडीच टक्के सापडले होते. पर्याय नसला की लोक ‘मॉडरेट’वर खूण करून मोकळे होतात.
– अण्णा

अण्णा,
मग धोरणांचे प्रश्न? ‘ट्रम्प यांच्या अमुक धोरणाला पाठिंबा आहे का?’ असं चालेल?

ताई,
नेत्याचं नाव अजिबात नको. २०१७ मध्ये बार्बर आणि पोप या राज्यशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. ट्रम्प यांचा पाठिंबा आहे एवढं सांगितल्यावर बरेच रिपब्लिकन लिबरल धोरणाकडेही झुकले, कॉन्झर्व्हेटिव्ह धोरणाकडेही. नाव घातलंत तर मोजली जाईल निष्ठा, मत नव्हे.

असं लिहा : ‘केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. ते वाढवावं, तेवढंच ठेवावं की रद्द करावं?’ पक्षाचा प्रश्न या सगळ्यांनंतर, शेवटच्या पानावर.
– अण्णा