मदत हवी आहे : ध्वनिचित्रफीत आणि तासिका यांची सांगड कशी घालावी?

सर्वांना नमस्कार. मी ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. द्वितीय वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरून पूर्ण करता येतात, मला मात्र तासिकेला पर्याय नको, जोड हवी आहे.

कार्नो चक्राची (आदर्श उष्णता इंजिनाच्या चक्राची) सिद्धता मी ध्वनिचित्रफितीतून आधी पाठवतो आणि तासाला केवळ उदाहरणे व चर्चा घेतो. विद्यार्थी सिद्धता वहीत सुबक उतरवून आणतात. पण समतापी प्रसरणात आदर्श वायूने शोषलेल्या उष्णतेचे काय होते असे विचारले, की बहुतेक जण तापमान वाढते असे सांगतात. तापमान स्थिर असल्याने अंतर्गत ऊर्जा बदलत नाही आणि ती सर्व उष्णता कार्यात रूपांतरित होते, हे पाहून झाले तरी मनात उतरलेले नसते. याची मला खरोखर काळजी वाटते.

मूडल या ऑनलाइन अध्यापन प्रणालीवर चित्रफितीच्या मध्येच प्रश्न घातल्याने फरक पडतो का? त्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत का? आणि घरात एकच मोबाईल असलेल्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, आपण कोणती सोय केली आहे? विज्ञान शाखेतील प्राध्यापकांनी अनुभव सविस्तर कळवावेत, ही विनंती.