गळ्यातली नळी काढून सात महिने झाले, भोक बुजत नाही

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे)
जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात) साथ आली, त्यात बाबा सापडले. व्हेंटिलेटर सुटला, पण कफ काढायची ताकद यायला वेळ लागला. ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडून घातलेली नळी साडेपाच महिने होती. आता जिना चढतात. पण भोक अजून तांदळाच्या दाण्याएवढं आहे. खोकले की तिथून हवा आणि कफ येतो, बोलताना बोटाने दाबून धरावं लागतं. पाहुणे आले की बाबा आतल्या खोलीत जाऊन बसतात. मला ते बघवत नाही. ऑपरेशनचं नाव काढलं तर म्हणतात, "पुन्हा गळ्याला हात नको." कुणी करून घेतलंय का?

उत्तर (मिरज)
ताई, माझ्या मुलाचं केलंय, अपघातानंतर. नळी फार दिवस राहिली की बाहेरची कातडी आत वाढत जाऊन श्वासनलिकेच्या अस्तराला मिळते. मग ती जखम राहतच नाही, कान टोचल्यासारखं कायमचं भोक होतं. वाट बघून आम्हीही वर्ष घालवलं.

आधी दुर्बीण घालून बघतात. भोकाच्या वरच्या बाजूला श्वासनलिका अरुंद झाली असेल किंवा मांस वाढलं असेल, तर त्या भोकाचाच श्वासाला आधार असतो, ते बंद करून चालत नाही. ही तपासणी टाळू नका, हात जोडून सांगते.

ऑपरेशनमध्ये ती कातडीची वाट कापून काढली, श्वासनलिका शिवली, वर स्नायू ओढून घेतले. कातडीचे टाके मात्र सैल, मधे रबराची बारीक पट्टी. मी विचारलं, "घट्ट का नाही शिवत?" डॉक्टर म्हणाले, खोकल्याबरोबर आतून हवा सुटली तर तिला बाहेर यायला वाट हवी, नाहीतर ती कातडीखाली पसरते. त्या रात्री मी दर तासाला त्याच्या मानेवरून हात फिरवत होते. मान फुगली, दाबल्यावर कुरकुरली, तर लगेच सिस्टरला हाक मारायची, असं बजावलं होतं. तसं काही झालं नाही. आता फक्त आडवा व्रण आहे.

उत्तर (नर्स, नाशिक)
काही सर्जन वाट कापून जखम उघडीच ठेवतात, ती आतून हळूहळू भरते. वेळ जास्त जातो, पण हवा कोंडत नाही. बाबांना साखर असेल तर आधी आटोक्यात आणा, तंबाखू-विडी बंद. तोवर अंघोळीला पाणी गळ्याखालूनच घ्या.

प्रश्नकर्ती
मिरजेच्या ताईंचं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. कान टोचल्याचं ऐकून बराच वेळ गप्प होते. दुर्बिणीला तयार झालेत, सोमवारी जातोय.