हत्ती, कडा आणि मांडूची चिंच

हत्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ मोजणाऱ्या केरळच्या श्रीकुमार-निर्मलन या संशोधक जोडीवर (२००२चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) सगळे हसून घेताहेत. हसा खुशाल, पण हत्तीच्या अंगातून उष्णता किती बाहेर पडते हे त्यावरही ठरतं की!

अशी उठाठेव म्हटली की मला मात्र जॉर्ज बेंजामिन आठवतात. १९८० साली सेंट हेलेना बेटावर, उभ्या कड्यावर त्यांना एबनीची (तिथल्याच एका झाडाची) दोन झुडपं दिसली. शंभरेक वर्षं नामशेष समजलेली! भाऊ दोराने खाली उतरला, फांद्या आणल्या, त्यांवरून हजारो रोपं झाली.

आणि आम्ही इंदूरकर? मांडूहून गोरखचिंच (बाओबाबचं फळ, तीच मांडूची चिंच) आणायची, आंबट गर चोखायचा, बिया कचऱ्यात. यंदा ताईने तीन बिया कुंडीत लावल्या, एक उगवेल तर शपथ. बीचं टरफल इतकं टणक, की आधी कानशीने घासावं लागतं म्हणे.