बाल अतिदक्षता विभागात परिचारिकांचा सराव: महागड्या मॅनिकिनशिवाय सिम्युलेशन उपयोगी ठरते का?

प्रश्न (प्रभारी परिचारिका, परभणी)

नमस्कार. आमच्या बाल अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांपैकी बऱ्याच जणींनी लहान मुलाचे हृदय बंद पडलेले प्रत्यक्ष पाहिलेले नाही, आणि तशी वेळ येते तेव्हा समजावून सांगायला कोणालाही सवड नसते. मोठ्या शहरांत श्वास घेणाऱ्या, नाडी लागणाऱ्या मॅनिकिनवर (मानवी पुतळ्यावर) सिम्युलेशन प्रशिक्षण, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव, दिले जाते. आमच्याकडे मात्र छाती दाबण्याच्या सरावापुरती बाळाची एक साधी डमी आहे. एवढ्यावर घेतलेल्या सरावाचा खरोखर उपयोग होईल का, आणि सुरुवात कोणत्या प्रसंगापासून करावी?

उत्तर १ (बालरोग अतिदक्षता तज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

सिस्टर, निश्चित होईल. माझ्या मते डमी किती महाग आहे यापेक्षा सराव कुठे होतो हे अधिक महत्त्वाचे आहे. तो वर्गात न घेता तुमच्याच विभागातल्या रिकाम्या खाटेवर, तुमचीच क्रॅश ट्रॉली (आणीबाणीच्या औषधांची व साहित्याची गाडी) आणि तुमचीच अँब्यू बॅग (मास्कमधून हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) वापरून घ्या. बाळाच्या मापाचा मास्क कोणत्या कप्प्यात आहे, सक्शन (घशातील स्राव ओढून काढणारे यंत्र) चालू आहे का, ऑक्सिजनची नळी खाटेपर्यंत पोहोचते का, हे अशा सरावातच उघड होते.

मुलांमध्ये हृदय बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा श्वसन निकामी होणे किंवा शॉक (अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होणे) हे असते. म्हणून पहिला प्रसंग श्वास मंदावत चाललेल्या, ऑक्सिजनची पातळी घसरणाऱ्या बाळाचा घ्या, कारण तिथे परिचारिकेने वेळेवर बॅग-मास्क हाती घेतला तर पुढचे बरेच काही टळते. त्यानंतर दोघींनी मिळून १५ दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत (तान्ह्या बाळात सुमारे ४ सेंटिमीटर), आणि दर २ मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलणे, हा क्रम हातात बसू द्या.

अॅड्रेनलिनचा, म्हणजे बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्यासाठी द्यायच्या औषधाचा, सराव मात्र वेगळा आणि वारंवार घ्यावा. आपल्याकडे १ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते. त्यात ९ मिलिलिटर नॉर्मल सलाईन मिसळून केलेल्या द्रावणातून शिरेवाटे किलोमागे ०.१ मिलिलिटर, म्हणजे १० किलोच्या मुलाला १ मिलिलिटर, द्यायचे असते. कागदावर हे सोपे वाटते. गडबडीत दशांश चिन्ह सरकले की मात्रा दहापट होते. प्रत्येक मुलाचे वजन दाखल होतानाच करून औषधांच्या मात्रांचा तक्ता खाटेशी लावला, तर ऐनवेळी गणित करावे लागत नाही.

उत्तर २ (परिचर्या महाविद्यालयातील पाठ्यनिर्देशिका, लातूर)

डॉक्टरांच्या म्हणण्यात एक भर घालते. सराव दहा मिनिटांचा असेल, तर त्यानंतरची चर्चा किमान तेवढीच, शक्य तर दुप्पट वेळ चालली पाहिजे. खरे शिक्षण तिथे होते. “तू अॅड्रेनलिन द्यायला उशीर का केलास?” असे विचारले की मुलगी गप्प होते. “अँप्यूल हातात घेतल्यावर तू थांबलीस, तेव्हा मनात काय चालले होते?” असे विचारले की ती बोलते, आणि कधी कधी असे कळते की सूचना दोघींना ऐकू आली होती, पण प्रत्येकीला वाटले की दुसरी औषध भरते आहे. त्यामुळे सूचना नाव घेऊन द्यावी, ऐकणारीने ती मोठ्याने परत म्हणावी आणि काम झाल्यावर “दिले” असे सांगावे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. चर्चेत ऐकलेले कोणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही, हे प्रमुखांनी सर्वांसमोर स्पष्ट सांगावे. तसे आश्वासन नसेल तर मुली केवळ परीक्षा दिल्यासारख्या वागतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. रात्रपाळीच्या परिचारिकांना दिवसा थांबवून घेणे मला योग्य वाटत नाही, त्यामुळे त्यांच्याच पाळीच्या सुरुवातीला छोटा सराव घेण्याचा विचार आहे. आपल्या भागाला साजेसा एखादा प्रसंग सुचवाल का?

उत्तर ३ (अतिदक्षता विभागातील ब्रदर, बीड जिल्हा)

ताई, विंचूदंशाचा प्रसंग अवश्य घ्या. शेतावरून आणलेले मूल घामाने ओले, हातपाय गार, नाडी वेगवान. पाहणाऱ्याला ते साध्या शॉकसारखे दिसते आणि हात आपोआप सलाईनकडे जातो. परंतु तांबड्या विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी साचू शकते, तेव्हा सरसकट दिलेले जादा सलाईन घातक ठरते. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्याची मात्रा तोंडावाटे किलोमागे ३० मायक्रोग्रॅम असते, आणि ते दिल्यावर मुलाला झोपवूनच ठेवावे लागते, कारण उठवल्यास रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ट्रॉलीत साधी गोळी आहे की हळूहळू विरघळणारी, हेही सरावात तपासा; दुसरी इथे चालत नाही.

या प्रसंगात नवख्या परिचारिकेने “सर, श्वास वाढलाय, छातीत आवाज येतोय, सलाईन थांबवायचे का?” असे मोठ्याने विचारावे, हाच मुख्य सराव समजा. डॉक्टरची भूमिका करणाऱ्याने मुद्दाम एकदा दुर्लक्ष करावे, म्हणजे तिला दुसऱ्यांदा विचारण्याचीही सवय होईल.

उत्तर ४ (पाठ्यनिर्देशिका, लातूर)

एक सावधगिरी सांगायची राहिली. सरावासाठी साध्या पाण्याने भरलेल्या सिरिंज आणि रिकाम्या अँप्यूल लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवा, सराव संपताच त्या मोजून परत घ्या आणि क्रॅश ट्रॉली यादीप्रमाणे भरून सील केल्याची नोंद त्याच पाळीत करा. विभागात खऱ्या रुग्णाची प्रकृती बिघडली, तर सराव तत्काळ थांबवण्याचा अधिकार तिथल्या प्रत्येकीला असावा.